ठिपके गेले, म्हणजे मासा बरा झाला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत असं मला वाटतं. नाशिकला तुमची तीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, पाच महिने जुनी. आत लाइव्ह रॉक म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेले समुद्री दगड, दोन डॅमसेल मासे, एक क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा झिंगा) आणि थोडे हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे). शनिवारी मुंबईहून एक छोटा ब्लू टँग आणि क्लाउनफिशची जोडी आणलीत आणि त्याच संध्याकाळी टाकीत सोडलीत. मंगळवारी टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, तो दगडाला अंग घासायला लागला. बुधवारपासून एका क्लाउनवर पांढुरका थर आहे, तो खात नाही आणि वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून उभा असतो. दुकानदार म्हणाला, लसूण द्या आणि निळं औषध टाका. आज सकाळी बघता तर टँगवरचे ठिपके गायब! म्हणून तुम्ही विचारताय की औषध कोणतं टाकू, की आता टाकायची गरजच उरली नाही?

मोठ्या टाकीत काहीही टाकू नका. ठिपके गेले म्हणजे आजार गेला असं नाही. आणि तुम्हाला काळजी टँगची वाटतेय, मला क्लाउनची वाटतेय. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण क्लाउनला उद्यावर ढकलू नका. त्याचं आधी सांगतो.

एक कबुली देऊन ठेवतो. मी पशुवैद्य नाही. गेली अठरा वर्षं ठाणे-डोंबिवली पट्ट्यात लोकांच्या समुद्री टाक्यांची देखभाल करतो, एवढाच माझा अधिकार. तुमचा मासा मी पाहिलेला नाही, आणि खात्रीचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा किंवा कल्ल्याचा नमुना बघितल्याशिवाय होत नाही. त्यामुळे पुढचं सगळं लक्षणांवरून बांधलेला अंदाज आहे. ओळखीचा मत्स्यरोगतज्ज्ञ असेल तर माझं सोडा, त्यांचं ऐका.

नव्या माशात लोक ठिपके शोधतात. मी आधी श्वास बघतो. घड्याळ लावून १५ सेकंदांत कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजा, चारने गुणा, आणि शेजारच्या ठणठणीत क्लाउनचा आकडा त्याच्या बाजूला लिहा. ठरावीक आकडा देत नाही, कारण जात, आकार आणि पाण्याचं तापमान यांवर तो बदलतो. पण एकाच पाण्यातल्या एकाच जातीच्या दोन माशांत जवळजवळ दुपटीचा फरक दिसला, किंवा झाकण सेकंदाला दोनदाहून जास्त हलायला लागलं, की मी हातातलं काम टाकतो. धारेसमोर उभं राहणं हे बहुतेक वेळा त्याच धापेचं दुसरं रूप असतं. कल्ल्यांवरून जास्त पाणी जावं म्हणून मासा तिथे जातो.

मग अमोनिया तपासा. पाच महिन्यांच्या टाकीत एका दिवसात तीन मासे वाढले आहेत. अमोनिया चढला असेल तर सगळेच मासे धापा टाकतील, अगदी जुने डॅमसेलसुद्धा. फक्त एकच क्लाउन टाकतोय, म्हणून मला ते कारण वाटत नाही, पण तपासायला पाच मिनिटं लागतात. अमोनिया शून्य निघाला तर उरतात दोन संशयित परजीवी रोग, ब्रुकलिनेला आणि व्हेल्वेट.

ब्रुकलिनेला हा क्लाउनचा इतका नेहमीचा रोग आहे की त्याला क्लाउनफिश डिसीज असंच म्हणतात. यात ठिपके नसतात. दुधावरची साय सुरकुतून सुटावी तसा चिकट थर सुटतो, रंग फिका पडतो, मासा खाणं टाकतो. व्हेल्वेटमध्ये थर नसतो, धूळ असते. अंगावर भस्म लावल्यासारखी बारीक, पिवळट-राखाडी झाक, आणि तीही खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरका मारला तर दिसते. पण व्हेल्वेटचा परजीवी बहुधा आधी कल्ल्यात शिरतो, म्हणून धूळ दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, उजेड टाळतो आणि काही वेळा अंगावर एकही खूण न दिसता दोन-तीन दिवसांत जातो. लोक म्हणतात, ‘काल तर खात होता!’ खात असेलही.

तुमच्या वर्णनातला ‘पांढुरका थर’ ब्रुकलिनेलाकडे बोट दाखवतो, धारेत उभं राहणं दोन्हींकडे. यातला कोणता हे ठरवत बसण्यापेक्षा मी दोन्हींना पुरेल असा क्रम धरतो.

आज रात्री एक बादली आणि एक टब लागेल. टबात ताजं खारं पाणी भरा, क्षारता आणि तापमान मोठ्या टाकीइतकंच. हीटर, एअरस्टोन आणि लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो. वाळू नको, दगड नको. बादलीत १० लिटर तसंच पाणी घेऊन माशांसाठी विकलं जाणारं ३७ टक्क्यांचं फॉर्मालिन १.५ मिलि घाला, एअरस्टोन जोरात सोडा आणि मासा ३० ते ४५ मिनिटं त्यात ठेवा. समोरून उठू नका. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं. मासा कलंडला किंवा पृष्ठभागावर येऊन तोंड मारायला लागला तर लगेच काढा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती वापरू नका, तो माशाला फार विषारी असतो. तुमच्यासाठीही हे रसायन निरुपद्रवी नाही, त्याने कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, मापाची सिरिंज नंतर फेका. अंघोळीनंतर मासा टबात जाईल, परत मोठ्या टाकीत नाही.

फॉर्मालिन रात्री मिळालं नाही तर गोड्या पाण्याची डुबकी द्या. आरओचं पाणी, तापमान टबाइतकं, खाण्याचा सोडा चिमूटचिमूट टाकून पीएच टबातल्या पाण्याला जुळवलेला, अर्धा तास हवा सोडलेलं. मासा ३ ते ५ मिनिटं. पहिल्या मिनिटाला तो मेल्यासारखा पडेल, आपल्या पोटात गोळा येईल. श्वास चालू आहे ना ते बघा. डुबकीने रोग जात नाही, अंगावरचा आणि कल्ल्यांतला बोजा थोडा उतरतो आणि एक रात्र हाताशी लागते. डुबकी काळ्या बादलीत दिलीत तर आणखी एक फायदा आहे. माशाच्या अंगावर फ्लूक म्हणजे चपटे कृमी असतील तर जिवंतपणी ते पारदर्शक असतात, गोड्या पाण्यात पांढरे पडून तीळ सांडावेत तसे तळाशी दिसतात. दिसले तर कृमींवरचं औषध प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिग्रॅ, आणि अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पुढच्या पिढीसाठी आठवड्याभराने दुसरा डोस.

आता टँगकडे वळतो.

त्याला झालंय ते बहुधा मरीन इच, क्रिप्टोकॅरिऑन. गोड्या पाण्यातल्या माशांना होणाऱ्या व्हाइट स्पॉटचा हा नुसता नावाचा भाऊ, प्राणी वेगळा. त्यामुळे तिथली तापमान ३० अंशांवर नेण्याची युक्ती इथे चालत नाही, उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि आजारी कल्ल्यांना तेच नको असतं. हा परजीवी माशाच्या कातडीवर बसत नाही, वरच्या थराखाली घुसतो. म्हणून क्लीनर श्रिंप त्याला टिपून खाईल ही आशा सोडा, आणि गोड्या पाण्याची डुबकीही त्याच्यापर्यंत फारशी पोचत नाही.

आत तो ३ ते ७ दिवस खातो, फुगतो. तेवढ्याच काळात आपल्याला ठिपका दिसतो. पोट भरलं की गळून पडतो, आणि हे बहुधा अंधारात घडतं. म्हणून तुम्हाला सकाळी टँग स्वच्छ दिसला. गळलेला परजीवी दगडाला, वाळूला, काचेला चिकटून भोवती कवच करतो आणि आत फुटत राहतो. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं निघू शकतात. सर्वांत लवकर निघणारी साधारण ३ दिवसांत, बरीचशी पुढच्या ४ आठवड्यांत, आणि कमी तापमानाच्या प्रयोगात एका वाणाची ७२ दिवसांपर्यंतही निघालेली आहेत. तीही रात्रीच बाहेर येतात, मासे दगडाच्या खोबणीत निजलेले असताना. त्यांना दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण तुमच्या टाकीत पाच मासे त्यांची वाट पाहतायत.

म्हणजे आज तुमचा टँग बरा झालेला नाही, त्याच्या अंगावरची पहिली फळी खाली उतरली आहे. दुसरी फळी काही दिवसांत येईल आणि ती मोठी असेल. मधल्या स्वच्छ दिवसांत जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. लसूण, ‘रीफ-सेफ’ (प्रवाळाला निर्धोक म्हणून विकलेली) बाटली, गोमूत्र (हसू नका, ठाण्यात मी पाहिलंय), शेजाऱ्याचा सल्ला. लसणाच्या वासाने रुसलेला मासा कधीकधी खायला लागतो एवढं मी मानतो. त्याने परजीवी मरत नाही.

मग मोठ्या टाकीतच औषध का नाही? इचवर आणि व्हेल्वेटवर खात्रीने चालणारं औषध म्हणजे तांबं. तांब्याने तुमचा श्रिंप, हर्मिट आणि दगडातले सगळे बारीक जीव मरतील. शिवाय लाइव्ह रॉक आणि कोरलची वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात मात्रा टिकत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या टाकीत मी स्वतःच्या हाताने तांबं ओतलं होतं. सकाळी मात्रा बरोबर, रात्री निम्मी, पुन्हा ओत, पुन्हा निम्मी. गोगलगायी दुसऱ्या दिवशी गेल्या, मासे दहाव्या दिवशी, आणि ते दगड नंतर कुठल्याही श्रिंपसाठी वापरायची हिंमत झाली नाही. पैसे परत केले, दगड अजून माझ्या गच्चीत आहेत. दुकानदाराचं निळं औषध जर मिथिलीन ब्लू असेल तर ते पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणूही मारतं. म्हणजे इच जिथल्या तिथे आणि वर अमोनियाची भर.

म्हणून औषध माशाला, वेगळ्या टबात. आणि पाचही माशांना. डॅमसेल ठणठणीत दिसतायत हे खरं, पण जुना, दणकट मासा थोडा परजीवी कल्ल्यांत बाळगून मजेत जगतो आणि टाकीत वस्ती चालू ठेवतो. एक मासा जरी आत राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात.

८०-१०० लिटरचा अन्न साठवण्याच्या दर्जाचा प्लास्टिक टब पुरेल. टँग तुम्ही म्हणता तसा दोन-अडीच इंचांचा असेल तर त्यात महिनाभर राहील, मोठा असेल तर दुसरा टब घ्या. डॅमसेल मारकुटे असतात, भाजीच्या जाळीदार टोपलीचे दोन तुकडे करून मध्ये आडोसा लावा. वर जाळी हवीच, मासे उडी मारतात. नाशिकला वीज जाते की नाही तुम्ही जाणता, बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. टबाची जागा मोठ्या टाकीपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत, कारण व्हेल्वेटचा परजीवी बुडबुड्यांच्या तुषारांवर बसून ३ मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलेलं आहे. जाळं, नळी, मापाचं भांडं वेगळं. आधी मोठ्या टाकीचं काम, मग टबाचं, उलट कधीच नाही.

टबातला मासा परजीवीपेक्षा अमोनियाने मरतो, असं मी अनेकदा पाहिलंय. नव्या टबात जिवाणू नसतात. तुमच्या संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) स्पॉन्ज असेल तर तो उचलून टबात लावा. तो दूषित आहे, पण मासेही दूषितच आहेत आणि औषध दोघांवर चालणार आहे. अमोनिया रोज मोजा, चढला की पाणी बदला, आणि बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं मिसळून ठेवा. इथे एक सापळा आहे. अमोनिया बांधून ठेवणारी जी द्रव्यं बाजारात मिळतात, त्यातली काही काही प्रकारच्या तांब्याशी मिळून तांबं अचानक विषारी करतात. तांबं चालू असताना त्या बाटल्यांना हात लावू नका, पाणी बदलणं हाच उपाय.

तांब्याच्या बाटल्या दोन जातीच्या मिळतात आणि लोक इथेच घोटाळा करतात. साध्या आयनी तांब्याची उपचाराची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिग्रॅ एवढी कमी असते. चिलेटेड, म्हणजे बांधलेलं तांबं सौम्य असतं, त्याची मात्रा २ ते २.५ मिग्रॅ. दहापटीहून जास्त फरक! मधल्या प्रकारांचे आकडे आणखी वेगळे. बाटलीवरचं वाचा आणि त्याच प्रकारचं तांबं मोजणारं किट घ्या. किट नसेल तर तांबं नकोच. नवख्या माणसाला मी चिलेटेड सांगतो, चुकीला थोडी जागा राहते. टबातलं पाणी बादलीने मोजून भरा, अंदाजाने नाही, आणि मात्रा दोन दिवसांत हळूहळू वर न्या, टँगची भूक त्यामुळे टिकते. ३० दिवसांची मोजणी मात्रा पूर्ण झाल्या दिवसापासून. मध्ये एक दिवस जरी ती खाली घसरली तरी मोजणी पहिल्यापासून. वैताग येतो, माहीत आहे.

हा झाला तुमच्या बाबतीतला मार्ग, कारण क्लाउनच्या रोगाबद्दल शंका आहे. नुसता इच असता, आणि तोही नक्की, तर मी तांब्याशिवाय दोन टबांचा खेळ सुचवला असता. दर ७२ तासांनी मासे स्वच्छ टबात, जुना टब ब्लीचने धुऊन खडखडीत वाळवायचा, असे चार फेरे. पिल्लं निघायच्या आत मासा पुढे सरकतो आणि कवचं मागे राहतात. बारा दिवसांत काम होतं, औषधाचा थेंब लागत नाही. पण व्हेल्वेट किंवा ब्रुकलिनेला असेल तर हा खेळ फसतो. क्षारता १.००९ पर्यंत (हा पाण्याच्या घनतेचा आकडा, तुमची टाकी १.०२५ वर आहे) उतरवण्याच्या उपायाचंही तेच, इचवर चालतो, व्हेल्वेट त्यात मजेत जगतो. शंका असताना मी दोन्ही करत नाही. मँडरिनसारख्या काही जातींना तांबं सोसत नाही, तिथे मात्र दोन टबच.

मोठी टाकी तेवढ्या काळात बिनमाशांची ठेवायची. किती दिवस? मी ७६ धरतो. उबदार पाण्यात कवचं लवकर फुटतात म्हणून ४५ दिवसांवर भागवणारेही अनुभवी लोक आहेत आणि त्यांचंही बहुतेक वेळा जमतं. मला ‘बहुतेक’ नको असतं, कारण परत फोन मला येतो. श्रिंप आणि हर्मिट आत राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही, चिमूटभर खाणं टाकत राहा म्हणजे जिवाणूही उपाशी मरणार नाहीत.

टबातल्या माशांना खायला घालणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. टँगला बिनमसाल्याचा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून. रुसलेल्या माशाला माझी युक्ती म्हणजे मासळी बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायच्या, मग एक शिंपला उघडून मांसासकट टबात ठेवायचा. कॉपरबँड बटरफ्लायसारखा नाठाळ मासाही त्याला टोचा मारतो. अर्ध्या-पाऊण तासात शिंपला बाहेर काढा, नाहीतर अमोनिया.

आता खरेदीबद्दल, कारण हे सगळं शनिवारी दुकानात अर्धं टाळता आलं असतं. दोष तुमचा नाही, काचेपलीकडचा मासा बघायचा कसा हे कुणी शिकवत नाही.

माल कधी उतरला ते विचारा. इंडोनेशिया किंवा श्रीलंकेहून आलेला मासा दिवस-दीड दिवस पिशवीत असतो, आल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभराने जा. आवडला तर पैसे देऊन दुकानातच ठेवायला सांगा. समोर खाऊ घालायला लावा, आणि नुसतं तोंडात घेतोय की गिळतोय ते बघा, थुंकणारे पुष्कळ असतात. समोरून बघा, डोक्यामागे खड्डा आणि पोट आत गेलेलं असेल तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे. त्याच रांगेतल्या इतर टाक्यांतही मेलेला मासा शोधा, कारण बहुतेक दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. क्लाउन घेताना पैदाशीचा आहे का विचारा. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास यशस्वी केलेली आहे, आणि आता टाकीत जन्मलेले क्लाउन मिळणं कठीण नाही. समुद्रातून पकडलेल्यांत ब्रुकलिनेला मी कितीतरी जास्त पाहिलाय. कुणी समुद्रघोडा दाखवला तर मात्र बाहेर पडा, आपल्याकडे तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

आणि खिशात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं उपकरण, ठेवा. मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून बरीच दुकानं पाणी १.०१७-१.०१८ वर ठेवतात, काही जण थोडं तांबंही टाकतात. त्यात लबाडीच असते असं नाही, शेकडो मासे सांभाळायचे तर दुसरं काय करणार? पण कमी क्षारतेत आणि अर्ध्यामुर्ध्या तांब्यात दबलेला रोग तुमच्या १.०२५ च्या स्वच्छ पाण्यात चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं वर काढतो. तुमच्या बाबतीत वार मोजून बघा, शनिवार ते मंगळवार! शिवाय कमी क्षारतेतून जास्तीत एका तासात आलेल्या माशाच्या शरीरातलं पाणी ओढलं जातं. उलट दिशेला मासा बराच तग धरतो, या दिशेला नाही. म्हणून नव्या माशाचा टब दुकानाच्या क्षारतेवर तयार ठेवायचा आणि रोज ०.००२ पेक्षा जास्त न चढवता आठवड्यात वर आणायचं.

म्हणजे थेंबथेंब पाणी सोडत दोन तास बसायचीही गरज नाही. लांबच्या प्रवासातल्या पिशवीबाबत तर ते घातकच. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. मी हे कळायच्या आधी एका पावडर ब्लू टँगला प्रेमाने अडीच तास थेंब दिले होते. तो तिसऱ्या तासाला गेला. आता पिशवी २० मिनिटं तरंगवायची, क्षारता जुळलेली आहे ना बघायचं, मासा उचलायचा, पिशवीचं पाणी मोरीत.

थोडं बाकीच्या दुखण्यांचं, कारण पुढे तुम्हाला ती दिसतीलच. परांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या पांढऱ्या गाठी म्हणजे लिम्फोसिस्टिस, विषाणूचा रोग, औषध नाही, मासा नीट खात असेल तर महिन्या-दोन महिन्यांत बहुधा आपोआप जातो. एकच डोळा सुजला तर मार लागलाय, दोन्ही सुजले तर चिंता करा. ग्रीन क्रोमिसच्या कुशीवर लालसर जखम म्हणजे युरोनेमा या परजीवीचा संशय, आणि खरं सांगायचं तर तिथे मला फार यश आलेलं नाही. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आणि मासा खाऊनही वाळतोय, तर आतड्यातले परजीवी. त्याचं औषध खाण्यातून द्यावं लागतं, पाण्यातून नाही, आणि ते पशुवैद्याला विचारून.

आणि काही गोष्टींना घाबरू नका. ब्लू टँग दगडात अंग अडकवून आडवा पडतो, ती त्याची सवय आहे, गेल्या वर्षी त्यावरून मला रात्री अकराला फोन आला होता. क्लाउन वेडावाकडा डुलत पोहतो, तो तसाच. रात्री बहुतेक मासे फिके, डागाळलेले दिसतात. आणि सोडल्या दिवशी अंगावर दिसणारे ठिपके पुष्कळदा वाळूचे कण नाहीतर हवेचे बुडबुडे असतात. तासाभरात जागा बदलली तर ते ठिपके नव्हतेच.

उद्या सकाळी मला तीन आकडे कळवा: दोन्ही क्लाउनच्या श्वासाचा एकेक आणि टबातला अमोनिया. तुमच्याकडे तांब्याची कोणती बाटली आहे तेही लिहा, आणि मी उत्तर देईपर्यंत तिचं बूच उघडू नका.